तीनशे बारा फायलींची मोजणी

कागदाच्या कारखान्यात सदतीस वर्षं फिटर म्हणून राबलेल्या या माणसाला सगळे मोजणीमास्तर म्हणत. गिअरबॉक्सचं झाकण लावायची वेळ आली की ते हात आडवा करून सगळ्यांना थांबवत. आत नेलेले पाने, हातोड्या, अगदी चिंध्यासुद्धा बाहेर मांडून मोजायच्या. आकडा जुळला तरच झाकण. एकदा एक चिंधी कमी भरली म्हणून त्यांनी तीन तास काम अडवलं. इंजिनिअरने आकाशपाताळ एक केलं. चिंधी शेवटी त्याच्याच खिशात निघाली. मास्तरांनी ती बाकीच्यांत ठेवून आकडा जुळवला. झाकण लावलं आणि डबा उचलून जेवायला गेले.

कारखान्यातला मोठा ड्रायर म्हणजे ओला कागद वाळवणारं बावन्न सिलिंडरांचं धूड. तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडली आणि त्याचं माहितीपुस्तक कोणाकडे नव्हतं. तो उघडायचा कसा आणि परत बसवायचा कसा, हे तिघांना पाठ होतं. त्यांतला एक वारला. दुसऱ्याला आता स्वतःचं घर सापडत नाही. उरले मास्तर. निवृत्त झाल्यावर आठ वर्षं, रोज सकाळी दोन तास, एका बोटाने टाइप करत त्यांनी एकेक भाग लिहून काढला. कॉम्प्युटरवर आकृत्या काढायलाही शिकले. एका कामाची एक फाईल, प्रत्येक फाईलला नंबर, प्रत्येक नंबराची वहीत नोंद. एकूण तीनशे बारा.

हे सगळं कारखान्याच्या प्रशिक्षण शाळेत शिकवणाऱ्या निदेशकांना हवं होतं. सोमवारी ते न्यायला येणार होते, कारण त्यावरच नवा वर्ग उभा राहणार होता. आणि नेमका त्याच आठवड्यात जुना कॉम्प्युटर चालू केल्यावर बारा मिनिटांत मान टाकू लागला.

मास्तरांनी सुटे भाग आणून नवा कॉम्प्युटर स्वतः बांधला. दोन दिवस लागले. स्क्रू बशीत मांडले, वायरींना चिठ्ठ्या बांधल्या, पंखा आधी हाताने फिरवून पाहिला. बटण दाबलं आणि पडदा पहिल्या झटक्यात उजळला. बायकोने बघायला येऊन विचारलं, एवढ्याशा खोक्याला दोन दिवस? मास्तर म्हणाले, पुन्हा उघडायला लागू नये म्हणून दोन दिवस.

फायली मात्र जुन्या डिस्कवर होत्या. त्या कामाला शनिवारी सकाळी जावई आला. कॉम्प्युटर दुरुस्तीचं त्याचं दुकान आहे, हात चपळ. त्याने जुनी डिस्क काढून नव्याला जोडली, माणसं जिथे फायली ठेवतात ती सगळी ठिकाणं उपसली आणि चहा निवायच्या आत मोकळा झाला.

"झालं बाबा, सगळं आलं. आता जुनी डिस्क पुसून आतच ठेवतो. जागा वाढेल."

"किती आल्या?"

"काय किती?"

"फायली."

जावई हसला. म्हणाला, मोजायचं काम कॉम्प्युटरचं, आणि तो सांगतोय की काम पूर्ण.

"त्याला जेवढ्या दाखवल्या तेवढ्या त्याने उचलल्या," मास्तर म्हणाले. "एकूण किती होत्या ते त्याला कोणी सांगितलं? पुसू नका, जावईबापू. आधी मोजा."

आतून सासूबाई बोलल्या, "मोजून टाका बरं. आमच्या लग्नात यांनी मांडवातल्या खुर्च्या मोजल्या होत्या. दोन कमी निघाल्या, त्या सापडल्या तेव्हा कुठे आत आले."

जावयाने मोजल्या. दोनशे एकाहत्तर.

मास्तरांनी वही उघडली. तो नंबर वाचत गेला, ते खुणा करत गेले. एक्केचाळीस नंबरांपुढे खूण आली नाही. त्या सगळ्या आकृत्या होत्या, ड्रायरच्या दातचाकांच्या. कोणतं चाक आधी काढायचं आणि कोणतं शेवटी, हे त्या आकृत्यांवाचून कळायला मार्ग नव्हता. त्या गेल्या तर बाकीच्या दोनशे एकाहत्तर म्हणजे रद्दी.

जावयाच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. पुसायच्या बटणावर आपलं बोट जवळजवळ गेलंच होतं, हे त्याला आता कळलं. त्याने पुन्हा सगळी ठिकाणं पाहिली. फोटोंत, कचऱ्याच्या डब्यात. कुठे काही नाही. हळू आवाजात म्हणाला की कदाचित जुन्या मशीननेच त्या खाल्ल्या असतील.

मास्तर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. कारखान्यात यंत्राची आकृती कपाटात नसते. ती त्या यंत्राच्याच दाराला, आतून लावलेल्या खिशात असते, म्हणजे यंत्र उघडणाऱ्याला शोधत फिरावं लागत नाही. सदतीस वर्षांची सवय. मग इथे ती आकृती कुठे ठेवली असेल?

"आकृत्या काढायचा तो प्रोग्रॅम आहे ना," ते म्हणाले, "त्याच्या पोटात बघा. त्याच्या स्वतःच्या फोल्डरात."

"तिथे कोणी ठेवतं का, बाबा? प्रोग्रॅमचे फोल्डर मी उचलतच नाही. प्रोग्रॅम नव्याने टाकतात."

"मी ठेवल्या. माझी चूक. बघा."

होत्या. सगळ्या एक्केचाळीस, प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फायलींत दाटीवाटीने बसलेल्या. जावयाने कपाळाला हात लावला आणि कामाला लागला. चाळीस सुरळीत आल्या. एक अडली, नंबर दोनशे सत्त्याऐंशी. डिस्क तापून टकटक करू लागली. मास्तरांनी हात लावून पाहिलं आणि वायर काढायला सांगितली. तापलेल्या बेअरिंगवर जोर करत नाहीत. बायकोने टेबलफॅन आणून डिस्कसमोर लावला. तासाभराने पुन्हा जोडली, तरी अडली. आणखी एक तास पंखा. तिसऱ्यांदा फाईल आली, पूर्ण आली.

जावई उठायला लागला, तर मास्तरांनी त्याला बसवलं. यंत्र बसवलं म्हणजे झालं नाही, चालवून बघायचं. प्रत्येक फाईल उघडायची, शेवटच्या ओळीपर्यंत जायचं, मगच वहीत दुसरी खूण. जावयाने घरी फोन करून मुक्काम कळवला. रविवारी दुपारपर्यंत दोघांनी तीनशे बाराच्या तीनशे बारा उघडून पाहिल्या. शेवटची खूण जावयाने केली, आणि न विचारता सगळ्या खुणा पुन्हा मोजल्या.

"तीनशे बारा," तो म्हणाला. "बाबा, जुनी डिस्क मी पुसत नाही. कपाटात ठेवा."

"आता शिकलात," मास्तर म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक कारखान्यात कोणी ऐकलं नव्हतं.

सोमवारी निदेशक आले. फायली घेतल्या, चाळल्या, आणि खात्री करायला म्हणून विचारलं की मधलं मोठं चाक जागेवरून हलत नसेल तर काय करायचं. ड्रायर उघडताना हाच प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारायचा आणि दर वेळी मास्तरांना स्वतः शिडी चढून जावं लागायचं.

मास्तर खुर्चीतून हलले नाहीत.

"दोनशे सत्त्याऐंशी उघडा," ते म्हणाले.

निदेशकांनी उघडली. बराच वेळ आकृती पाहिली, खालच्या ओळी वाचल्या, बोटाने हवेतच एक चाक फिरवून पाहिलं. मग मान हलवली. पुढे काही विचारायचं उरलं नव्हतं.