नव्या भाषेतला पहिला शब्द

जेवणाच्या टेबलावर माझ्या दोघी भाच्या वही उघडून स्वतःची नवी भाषा तयार करत होत्या. "मावशी, तूही शब्द सुचव ना," धाकटी म्हणाली. मी हरखून खुर्ची ओढली. तेवढ्यात स्वयंपाकाच्या शांताबाई गरम पोळी वाढून गेल्या. थोरली नाक दाबून "झुमळू!" म्हणाली, आणि दोघी खिदळल्या. वहीत अर्थ लिहिला होता : घामट वासाची बाई.

कोरी करकरीत भाषा हाती आली, आणि तिच्यात सगळ्यांत आधी हेच सांगावंसं वाटलं? किळस आली मला.

"झुमळू म्हणजे काय हो, ताई?" शांताबाईंनी स्वयंपाकघरातून हसत विचारलं.

मुली माझ्याकडे बघत राहिल्या.

"काही नाही, लाडाचं नाव आहे," मी म्हणाले. आता किळस माझीच येत होती.