न झाडलेलं घर

शंकर नगरात आमच्या शेजारी इंदूकाकू एकट्याच राहतात. घरचं माणूस प्रवासाला निघालं, की ते सुखरूप पोचेपर्यंत त्या घर झाडत नाहीत. त्या दुपारी भेटायला आलेली त्यांची लेक क्षमा पुण्याला परत निघाली. विमानतळावरून तिचा फोन आला, "आई, फ्लाइट कॅन्सल झाली. उद्या सकाळची दिली." काकूंनी लगेच गादी घातली, तिच्या आवडीची वांगी चिरायला घेतली.

तासाभरानं पुन्हा फोन. "आई, विमान कंपनी इथंच हॉटेल देऊन राहिली. सामान घेऊन परत कुठे येऊ?"

"हव," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी मी गेले, तर केर तसाच पडलेला. हॉटेलचं ऐकून मलाच क्षमाचा राग आला. "झाडलं काहून नाही, काकू? विमान तर गेलंच नाही."

"विमान नाही गेलं," त्या म्हणाल्या. "पोट्टी तर घरून गेली ना."