विहिणीला दिलेला खण

लग्न होऊन मी रायपूरला आले आणि माझ्या शिलाई मशीनवर टेलिफोन ठेवण्यात आला. मशीन मूळची आईची. वर्ध्याला तिनं त्या पायमशीनवर माझे फ्रॉक शिवले, भावाच्या चड्ड्या शिवल्या, अर्ध्या गल्लीच्या पिशव्या शिवल्या आणि लग्नात ती माझ्यासोबत पाठवून दिली. स्वतःजवळ नुसता सुई-दोरा ठेवला. सासरी मशीनची जागा समोरच्या खोलीत ठरली. तिच्या झाकणावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फोन, फोनवर आणखी एक रुमाल. फोनला सर्दी होईल अशी सासूबाईंना भीती असावी.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं आणि ते कुणी कुणाला विसरू देत नव्हतं. घरमालक 'अब तो राजधानी है' म्हणत भाडं वाढवायचा. पुरानी बस्तीतल्या आमच्या टेलरनं पाटीवर राजधानी हा शब्द रंगवून घेतला आणि शिलाई वाढवली. ब्लाउज मात्र पूर्वीसारखाच, काखेत आवळणारा आणि पाठीवर फुगणारा. 'कल ले जाना दीदी' हे त्याचं वाक्यही जुन्या राज्यातलंच राहिलं. माझे यजमान नव्या मंत्रालयात एका टेबलावरच्या फायली दुसऱ्या टेबलावर पाठवायचे आणि घरी येऊन अख्खं राज्य हाकून आल्यासारखे पाय पसरून बसायचे.

आमच्या ओळखीच्या मराठी बायकांचं एक वर्तुळ होतं. सगळ्या इकडून तिकडून विदर्भातल्याच. शंकर नगरच्या साहेबीणबाई, म्हणजे एका मोठ्या अधिकाऱ्याची बायको. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांच्या घरच्या काकू. तेलीबांध्याला नवा फ्लॅट घेतलेल्या इंजिनिअरीणबाई. अशा आणखीही. या बायका एकमेकींची ओटी भरायच्या, आणि ओटीत जो ब्लाउजपीस द्यायच्या तो अंगावर घालण्यासाठी नसतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो पुढे देण्यासाठी असतो. पातळ, आखूड, धुतला की बादलीभर रंग सोडणारा. आज हिनं तिला दिला, पुढच्या चैत्रात तिनं तिसरीला दिला. गावभर फिरणारं ते कापड कुणी शिवल्याचं मी कधी ऐकलं नाही.

सासूबाईंनी या फिरत्या मालासाठी एक ट्रंक ठेवली होती. प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा एक टाका असायचा. मला वाटायचं, बाईंना हौस असेल. एकदा ट्रंकेतले काही पीस भिलाईच्या माझ्या नणंदेला दिल्यावर त्या तिच्याशी फोनवर बोलत होत्या तेव्हा उलगडा झाला.

"हिरव्या टाक्याचा साहेबीणबाईनं देल्लेला हाय, तो तिले नोको देऊ. रेल्वेवालीचा लाल. तेलीबांध्याचा पिवळा. जिचं तिले गेलं तं इज्जत जाते ना वं."

म्हणजे इज्जत होती तर. ती कोपऱ्यातल्या टाक्यावर टिकून होती. कापड देताना आपला टाका उसवायचा आणि निर्मळ तोंडानं हळदकुंकू लावायचं.

त्याच फोनवर त्यांनी पुढचं वाक्य टाकलं. "मशीन पडूनच हाय इथं. संक्रांत झाली का तुह्याकडे पाठवून देऊ."

नणंदेला साधं बटणही लावता येत नव्हतं. तिला मशीन कशाला हवी होती ते मला चांगलं माहीत होतं. तिच्याकडे नवा टीव्ही आला होता आणि तो ठेवायला काही नव्हतं.

मी सासूबाईंना म्हटलं, "मशीन माझ्या आईची आहे. ती जाणार नाही."

"चालवते कोण तिले? तुले येते काय शिवता?"

येत नव्हतं. आई शिवत असताना मी शेजारी बसून पुस्तकं वाचली होती, आणि तेव्हा ते मला फार हुशारीचं वाटलं होतं.

यजमानांकडे पाहिलं. "तुम्ही दोघी पाहा ना यार," म्हणत त्यांनी पेपर वर केला. त्या पेपरामागे हा माणूस सगळी वर्षं सुखात राहिला.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "यंदाच्या संक्रांतीचं वाण तू शिव. पिशव्या शिव. बायकांनी नावं नाई ठेवली तं राहू दे तुही मशीन. ट्रंकेतलेच पीस घे. पिशव्या झाल्यावर कोण ओळखते? फक्त टाके तेवढे काढून टाक."

वाणाचा खर्चही वाचणार आणि ट्रंकही रिकामी होणार, यावर त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला चहा करून दिला.

शिकायचं म्हणून आधी शंकर नगरच्या एका शिवणवर्गाला जाऊन आले. तिथे साहेबलोकांच्या बायका बाहुलीएवढाली झबली शिवून फायलीत चिकटवत होत्या. फाईल भरली की सर्टिफिकेट. अंगात घालता येईल असं काही शिवता का, असं मी विचारलं तर बाई म्हणाल्या, "वो तो टेलर करेगा ना." दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही.

मग दुपारी सासूबाई झोपल्या की फोन खिडकीत ठेवायचा आणि मशीन उघडायची. पाय उलटा पडला की चाक मागे फिरायचं आणि दोरा तुटायचा. बॉबिनचा दोरा खाली गुंता करून बसायचा. जुन्या पेपरावर, बिनदोऱ्याच्या सुईनं, सरळ रेघ मारायला शिकले. मशीनची एक खोडही कळली. नीट चालता चालता ती मधेच एक टाका सोडायची आणि पुन्हा चालू लागायची. तेल घातलं, सुई बदलली, तरी सोडायचीच. आईला फोनवर सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "ती तशीच आहे. तिच्या मागे लागू नको."

आईच्या प्रत्येक फोनमध्ये आणखी एक प्रश्न ठरलेला असायचा. "विहीणबाईंनी खण शिवला का गं?"

लग्नात विहिणीची ओटी भरायची म्हणून ती नागपूरला जाऊन खण घेऊन आली होती. जांभळा, हिरव्या काठाचा, चांगला घट्ट विणीचा. स्वतःसाठी तिनं तसला कधी घेतला नाही. मी दर वेळी म्हणायची, अजून नाही, शिवतील. तीही 'असू दे, सवड नसेल' म्हणायची. सवड! सासूबाईंना दुपारी घोरण्यापलीकडे काम नव्हतं.

पिशव्या जमू लागल्या. चौकोनी, आतून अस्तर, खांद्यावर अडकतील असे बंद. सासूबाईंचे टाके मी सांगितल्याप्रमाणे काढत होते. पण कापडांवर काढायच्या राहून गेलेल्या आणखीही खुणा होत्या. कुठे शाईचा ठिपका, कुठे काठाचा ओढून काढलेला दोरा, कुठे सुईनं घातलेली बारीक फुली. सासूबाईंची अक्कल काही जगावेगळी नव्हती, प्रत्येक घरात तीच चालू होती. त्या खुणा काढायला मला कुणी सांगितलं नव्हतं. शिवताना त्या आतल्या कोपऱ्यात सहज दिसतील एवढी काळजी मी घेतली.

ट्रंकेच्या तळाशी हात गेला तेव्हा एक जड कापड लागलं. बाहेर काढलं. जांभळं, हिरव्या काठाचं. कोपऱ्यात पिवळा टाका, म्हणजे तेलीबांध्याहून आलेलं. शेजारी शाईचा ठिपका आणि फुली.

असे खण दुकानात ढिगानं मिळतात, असं मी मनाला सांगत होते. मग कडा पाहिल्या. धागे सुटू नयेत म्हणून कापलेल्या दोन्ही कडा कुणीतरी बारीक दुमडून मशीन मारली होती. टाके एकसारखे चालले होते आणि मधेच एक सुटला होता. पुढे पुन्हा एक सुटला होता.

विहिणीचा मान म्हणून दिलेलं कापड सासूबाईंनी कधीच वाटेला लावलं होतं. ते घराघरातून फिरून याच घरात परत आलं होतं, आणि या बाईनं ते हातात घेतलं, ओळखलं नाही, पिवळा टाका घातला आणि ट्रंकेत टाकलं. मला रडू आलं. रडू आल्याचा रागही आला, कारण त्या ट्रंकेसमोर बसून रडणं म्हणजे तिला फारच मोठं करणं होतं.

ठरवलं, याची पिशवी होणार नाही. याचा ब्लाउज होईल, तो मी शिवेन, आणि संक्रांतीला घालेन.

टेलरनं शिवलेला एक जुना ब्लाउज उसवून त्याचे भाग पेपरावर ठेवून कागद कापले. आधी जुन्या साडीच्या तुकड्यावर शिवून पाहिला. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या झाल्या. दुसऱ्यात बाह्या जमल्या तर गळा असा उतरला की त्याला घरातही लपवावं लागलं. खण एकच होता. कात्री चुकली असती तर त्याचीही चिंध्यांत भर पडली असती, आणि आईला मी काय सांगितलं असतं? शेवटी एका दुपारी श्वास धरून तो कापला. कापल्यावर कळलं की पिशव्या शिवणं किती सोपं होतं.

हळदीकुंकवाला बायका आल्या. इस्त्रीच्या साड्या, आणि त्यांच्याखाली राजधानी टेलरांचे फुगलेले ब्लाउज. सासूबाईंनी प्रत्येकीला तिळगूळ घालून पिशवी दिली.

"सुनेनं शिवल्या हायेत बरं का घरी."

"अच्छा! कितनी सुंदर!" असं म्हणत साहेबीणबाईंनी पिशवी फिरवली, मग कापडाकडे नीट पाहिलं. हात हळूच आत गेला आणि त्यांनी कोपरा उलटा केला. रेल्वेच्या काकूंनी चष्मा वर करून कोपरा उलटा केला. बघता बघता अख्ख्या खोलीत बायका आपापल्या पिशवीचा कोपरा उलटा करून पाहत होत्या. कुणी बोललं नाही. बोलणार काय? 'हे मीच दिलं होतं' म्हटलं तर 'मग ही खूण कशाला केलीस' हे आलंच. इतक्या जणी इतका वेळ गप्प बसलेल्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. सासूबाई एकेकीच्या तोंडाकडे पाहत होत्या, आणि पिशवी झाली तरी कापड ओळखू येतं हे त्यांना आत्ता समजत होतं.

ती शांतता मोडावी म्हणून इंजिनिअरीणबाई माझ्याकडे वळल्या. "काय छान बसला हो ब्लाउज! कुठून घेतला हा..." आणि थांबल्या. खण त्यांनी ओळखला होता.

सासूबाईंना बोलायला जागा मिळाली. "हव, मीच देल्ला तिले. म्हटलं, चांगला हाय, तुले शोभते."

"नाही," मी म्हटलं. "माझ्या आईनं दिला. लग्नात सासूबाईंची ओटी भरली तेव्हा. कडा तिनं या मशीनवर शिवल्या होत्या. मधे बराच फिरून आला."

कुठून कुठून फिरला, हे त्या खोलीत विचारायची कुणाची छाती नव्हती. रेल्वेच्या काकू पदरानं कपाळ पुसू लागल्या. इंजिनिअरीणबाईंनी पायातल्या जोडव्यांकडे पाहिलं. सासूबाईंच्या हातातला कुंकवाचा करंडा तसाच उघडा राहिला, आणि त्यांनी मला कुंकू लावायचं राहूनच गेलं. मला कीव आली नाही. आजही येत नाही.

बायकांनी पिशव्यांना नावं ठेवली नाहीत. कशी ठेवणार?

दोन-चार दिवसांनी भिलाईहून फोन आला. फोन आता खिडकीत होता. मी शिवत बसले होते, मशीनचं चाक चालू होतं. सासूबाईंनी नणंदेचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "नाई पाठवत. चालून राहिली ते." मग माझ्याकडे न पाहता आत गेल्या.

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. तब्येतपाणी, भावाची नोकरी, सगळं झालं आणि तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. "विहीणबाईंनी खण शिवला का गं?"

"शिवला," मी म्हटलं. "मीच शिवला, आई. आपल्या मशीनवर."

 

"काखेत चुण्या पडल्या का?" तिनं विचारलं.

"थोड्या पडल्या. डाव्या बाजूला."

"पुढच्या वेळी काखेतला मुंढा अर्धं बोट खोल काप, म्हणजे तुला हात वर करता येईल."

कुणी घातला, हे तिनं विचारलंच नाही.