राष्ट्रीयत्वाचा रकाना

४ फेब्रुवारी १९९९, गुरुवार, दुपारचे साडेतीन. ठरलेली रक्कम साडेतीनशे दिरहम, म्हणजे तेव्हाच्या भावाने चार हजार रुपयांच्या किंचित वर. सात पानं, पानाला पन्नास. हजर माणसं: मी, माझी बायको, माझा पुतण्या, त्याची रोमेनियन बायको, त्यांची सात आठवड्यांची मुलगी आणि भाषांतर करणारे गृहस्थ. जागा, बर दुबईतलं आमचं दोन खोल्यांचं घर. मुलगी झोपलेली होती, तरी तिला हजर धरतो, कारण काम तिचंच होतं.

सूनबाईंना मुलीचं नाव आपल्या पासपोर्टात चढवून घ्यायचं होतं. तिकडे त्यांच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन मार्चअखेर ठरलं होतं आणि त्याआधी त्यांना नात दाखवायची होती. अबूधाबीतल्या त्यांच्या वकिलातीने कागदांची यादी दिली होती. जन्मदाखला, लग्नाचा दाखला, दोघांची प्रतिज्ञापत्रं. इंग्रजीतलं सगळं रोमेनियनमध्ये करून आणायचं. मुलगी पुढे कुठल्या देशाची राहणार यावर नवराबायकोत बोलणं होऊन गेलं होतं. पुतण्याचं म्हणणं, "मोठी झाली की ठरवेल ती. आत्ता आजोबांना भेटू दे."

भाषांतरकार स्वतः रोमेनियन, साठीचे होते. शारजाला जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरी, आणि सुटीच्या वेळात हे काम. त्यांची पद्धत मला पहिल्या दहा मिनिटांत आवडली. एकही ओळ भाषांतर न करता त्यांनी सातही पानं वाचली आणि राष्ट्रीयत्व, नागरिकत्व, जन्माने, वंशाने, त्याग असले शब्द जिथे आले तिथे पेन्सिलीने खूण केली. अकरा शब्द निघाले. मी वहीत तक्ता आखून दिला: इंग्रजी शब्द, रोमेनियन शब्द, पान क्रमांक.

"आमच्याकडे दोन वेगळे शब्द आहेत," ते इंग्रजीत सांगू लागले. "एक, माणूस कुठल्या लोकांमधला. दुसरा, कुठल्या राज्याचा नागरिक. तुमचे इंग्रजी फॉर्म 'नॅशनॅलिटी' लिहितात आणि विचारतात मात्र दुसरं. म्हणून मी सगळीकडे दुसरा शब्द घालणार."

मग पहिल्यापासून नावं ताडायला घेतली आणि तिसऱ्या पानावर त्यांची पेन्सिल थांबली.

"ही बाई कोण?"

"माझी बायको," पुतण्या म्हणाला.

"नाही. जन्मदाखल्यात आईचं नाव वेगळं आहे. इथली बायको दुसरी कोणीतरी आहे. आणि ती भारतीय नागरिक आहे."

"एकच आहे हो सर! दुसरी परवडत नाही इथल्या भाड्यात."

कोणी हसलं नाही. मी पान ओढून घेतलं. लग्नाचा दाखला म्हणून मिळालेली ती नोंदणी अर्जाचीच शिक्का मारलेली प्रत होती, आणि अक्षर माझं होतं.

झालं होतं ते असं. पुण्यात लग्न लागलं तेव्हा वहिनींनी रिवाजाप्रमाणे ताटात तांदूळ पसरले आणि मुलाच्या हातून अंगठीने सुनेचं नवं नाव लिहवून घेतलं. सूनबाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी ताटाचा फोटो काढायला लावला. दुसऱ्या दिवशी नोंदणीचा अर्ज भरायला घरात नीट अक्षराचा माणूस म्हणून मी बसलो. बायकोचं नाव या रकान्यात मी तांदळातलं नाव लिहिलं. आमच्या घरातल्या सगळ्या सुनांचं तसंच लिहिलं गेलं होतं. पुढचा रकाना राष्ट्रीयत्वाचा. तिथे 'भारतीय' लिहिताना मी क्षणभरही थांबलो नाही. कालपासून ती आमची झाली होती, मग आणखी काय लिहिणार? पासपोर्टची प्रत अर्जालाच जोडलेली होती. ताडून पाहिली नाही. एकवीस वर्षं हिशेब लिहिणारा मी.

"याचा अर्थ," भाषांतरकार सूनबाईंकडे पाहून म्हणाले, "या कागदाप्रमाणे मुलीच्या बापाची बायको तू नाहीस. आणि तूच असलीस, तर तू आमची नागरिक उरलेली नाहीस. तुझ्या पासपोर्टात मुलगी कशी चढवतील?"

मी हळूच सुचवलं, "तिथे तुमचा पहिला शब्द घातला तर? लोकांमधला, तो."

"मग ती जन्माने भारतीय लोकांमधली ठरेल. ट्रान्सिल्व्हानियातल्या सुताराची मुलगी!" त्यांनी चष्मा काढला. "मिस्टर अकाउंटंट, तुमचं खातं जुळावं म्हणून तुम्ही आकडा फिरवता?"

मुलगी जागी होऊन रडू लागली तेव्हा सूनबाई उठल्या. त्यांचेही डोळे भरले होते, पण मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बायकोने पुण्याला फोन लावून माझ्या हातात दिला. मी वहिनींना सांगितलं, माझ्या चुकीपायी सगळं अडलंय. नव्या नावाची चूक झाली असं आता लिहून द्यावं लागेल.

"नावाला कशाला चूक म्हणता भावजी?" वहिनी कडाडल्या. "नाव मी दिलंय तिला, हौसेने. तिचा देश काढून घ्या असं कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

फोनचा आवाज मोठा होता. सूनबाईंना मराठी तोवर बरंच कळत होतं. मुलीला खांद्यावर थोपटत त्या म्हणाल्या, "काका, आई बरोबर बोलतात. नाव चुकलं नाही. कॉलम चुकला."

मग भाषांतरकारांनीच मार्ग सांगितला: अर्ज ज्याने भरला त्याने शपथेवर खरं लिहून द्यावं. मसुदा चार वेळा झाला. पहिल्यात मी 'चुकीचं नाव' लिहिलं. सूनबाईंनी ते खोडलं. शेवटी ठरलं ते असं: ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, दुसरं नाव सासरी प्रेमाने दिलेलं आहे, तिने आपलं नागरिकत्व कधीही सोडलेलं नाही, राष्ट्रीयत्वाचा रकाना मी न विचारता, चुकीने भरला.

'प्रेमाने' या शब्दावर भाषांतरकार अडले. "कायद्याच्या कागदात हा शब्द बसत नाही."

"खोटा आहे का?" माझ्या बायकोने विचारलं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, वहीतल्या तक्त्यात बारावी ओळ आखली आणि तो शब्द तिथे लिहिला.

शनिवारी मी अर्धा दिवस रजा टाकून आपल्या कॉन्सुलेटमध्ये सही केली. खिडकीतला माणूस म्हणाला, "काय काका, दुसऱ्याच्या बायकोबद्दल शपथ?" मी म्हटलं, सुनेबद्दल. सोमवारी भाषांतर तयार झालं आणि मंगळवारी तिघं अबूधाबीला गेली.

तिथल्या बाईंनी माझं प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं, आतल्या खोलीत नेलं, आणि चाळीस मिनिटं परत आल्या नाहीत. हे मला पुतण्याने नंतर सांगितलं. त्या वेळी मी ऑफिसात एकच बेरीज पुन्हा पुन्हा करत होतो. दोन वाजता फोन वाजला. सूनबाई होत्या. "काका, खलास! झालं. माझ्या पासपोर्टात आहे ती, पान सोळा."

दोघी २ मार्चला गेल्या. ऑपरेशनच्या आधी तीन आठवडे आजोबांच्या घरात राहिल्या.

अखेर दिलेली रक्कम: आठ पानांचे चारशे दिरहम, भाषांतरकारांना, रोख, पावती घेऊन. साडेतीनशे पुतण्याने दिले. आठव्या पानाचे पन्नास मी दिले. पुतण्या नको म्हणत होता, पण ते पान माझं होतं.