तेरणेपलीकडून आलेले पाढे

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. सरकारी शाळा लांब निलंग्याला, तीही उर्दूत. म्हणून आमच्या गावानं मारुतीच्या देवळात आपली मराठी शाळा चालवली होती. गुरुजींचा पगार म्हणजे घरटी चार पायल्या ज्वारी. गाव तेरणा नदीच्या अलीकडं, गावाचीच एक वाडी पलीकडं. ज्वारी दोन्हीकडून सारखीच यायची, पण पावसाळ्यात नदी भरली की वाडीची लेकरं चार महिने घरीच.

एका उन्हाळ्यात वाडीतला एक म्हातारा पारावर म्हणाला, "पायल्या आमच्याकडनं बी पुऱ्या घेता की. मग औंदा पावसाळाभर गुरुजी आमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

कुणाला नाही म्हणता येईना. गुरुजी पलीकडं गेले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दहा वर्षांची. माझी शाळाच चोरली असं मला वाटलं. त्यात वडील म्हणाले, "दिवाळीला गुरुजी पाढे विचारतील. इसरलीस तर शाळा बंद."

मी रोज सकाळी नदीकाठी रुसून बसायची, वाडीला मनातल्या मनात शिव्या द्यायची. एक दिवस पाण्यावरून पाढे आले. गढूळ, रुंद पाणी, वर धुकट ऊन, पलीकडं नुसती चिंचेची झाडं. माणूस एक दिसेना. एका पोरीचा चिरका आवाज पुढं, बाकीचे मागं. तेरा सत्ते एक्क्याण्णव. मीही म्हणू लागले. पुढं पुढं झोपेतही ते पाणी वाहायचं, आकडे वाहायचे, आणि मी कुठल्या काठाला आहे तेच कळायचं नाही. इतकं सुख मला नंतर कुठल्या शाळेत लाभलं नाही.

दिवाळीला नदी गुडघ्याएवढी झाली, गुरुजी परतले. तिसापर्यंत मी एकदाही अडखळले नाही. वडील नुसते "हं" म्हणाले. माझी शाळा राहिली.

त्या दिवशी वाडीची पोरंही देवळात आली. तो चिरका आवाज माझ्याच वयाच्या एका पोरीचा निघाला. मी विचारलं, "एवढ्या मोठ्यानं का म्हणायचीस?"

"तू बसलेली दिसायचीस म्हणून," ती म्हणाली. "आदी तीन पावसाळे म्या बी तिकडं बसायची. तुमचं कायबी ऐकू येत न्हवतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण मला आठवलं. आधीच्या पावसाळ्यांत त्या काठाला कुणीतरी बसलेलं मला दिसायचं. म्हशी राखत असेल, असं मी धरून चालले होते.