पुसलेल्या सात फुल्या

मोनिकाकाकीचा फोन सकाळी आला. "ये. माड पडला," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "कुठला?" आणि विचारता विचारताच मला कळलं, कुठला. "काका कुठेत?"... तिनं फोन ठेवला. उमेळ्याहून रिक्षानं गिरीजला पोचेपर्यंत लोकांनी इनासकाकांना खोडाखालून काढलं होतं. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पायरीवर ठेवलं होतं, चादर घालून. एक पाय बाहेर राहिला होता, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. तो झाकायची माझी हिंमत झाली नाही.

परवा चर्चमध्ये त्यांच्या महिन्याची मिस्सा झाली. दरम्यान झाडं वाचवण्याच्या आंदोलनातल्या माझ्या सोबत्यांनी पत्रक तयार केलं होतं: 'बिल्डरच्या भरावाने घेतला बागायतदाराचा बळी!' मी ते छापू दिलं नाही. कॉलेजपासून पत्रकं लिहितेय. हे किती चाललं असतं ते मला चांगलं कळतं. पण ते खोटं होतं. काकांना कुणी मारलं, ते मी इथे लिहिते.

वादळ झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्या बागायती वाडीत उभं असं फार थोडं उरलं होतं. केळी एकाच दिशेला आडव्या, कुणी लाथेनं तुडवत गेल्यासारख्या. माडांचे शेंडे पिरगळून तोडलेले. कुणाच्या तरी छपराचा पत्रा चिकूच्या बुंध्यात रुतून बसलेला. वाडीला पाणी देणारं ते गोड्या पाण्याचं तळं, बावखल, झावळ्या, कौलं आणि मेलेल्या कोंबड्यांनी काठोकाठ भरलेलं. त्या घाणीत एक माणूस छातीइतक्या पाण्यात उभा राहून कोयत्यानं सपासप झावळ्या तोडत होता. मी फोन वर केला. "फोटो काढायला आलीस की गाळ काढायला?" तो ओरडला. मी चपला काढल्या.

वाडी पुन्हा उभी करणं म्हणजे रोपं लावणं, असं मी समजत होते. आम्ही टेम्पोभर रोपं आणलीही होती. काका म्हणाले, "ती सावलीत ठेव. आधी मारामारी आहे." खरंच मारामारी होती ती. मोडक्या केळी त्यांनी जमिनीलगत छाटून टाकल्या, मी हळहळले तर म्हणाले, "कापल्याशिवाय कोंब येत नाय, पोरी." कलंडलेले लहान माड आम्ही दोर बांधून ओढून उभे केले, मुळांवर माती टाचांनी चोपली. तळहाताची सालं निघाली. एका दुपारी शेजारच्या भराव टाकलेल्या प्लॉटवरून एक एजंट आला, पांढरे बूट घालून. "काका, या वयात कशाला राबता? द्या आम्हाला, निवांत फ्लॅटमध्ये राहा." काकांनी सोललेला नारळ फेकून मारला. तो एजंटच्या कानाजवळून गेला. "काका, डोकं फुटलं असतं त्याचं!" मी म्हटलं. "नेम चुकला," ते म्हणाले आणि पुढचा नारळ सोलायला घेतला.

उभ्या राहिलेल्या प्रत्येक माडाला ते कोयत्याच्या पाठीनं ठोकायचे आणि कान लावून ऐकायचे. वादळात जखम झालेल्या माडात सोंड्या भुंगा शिरतो. वरून झाड हिरवं असतं, नारळही धरतं, आतून भुसा झालेला असतो. पोकळ आवाज आला की ते चुन्याची फुली मारायचे. मग टोपी काढायची, खोडावर हात ठेवायचा, "माफ कर" म्हणायचं, आणि कुऱ्हाड. त्या पावसाळ्याअखेर त्यांनी सात फुल्या मारल्या.

नेमकं तेव्हाच वादळाचं निमित्त करून रस्त्याकडेची धडधाकट झाडं कापली जात होती. आम्ही पेटून उठलो होतो. माझं पत्रक होतं: 'वादळातून वाचलेलं एकही झाड पडू देणार नाही!' खाली पहिली सही इनासकाकांची. आणि मी वाडीत आले तर हे कुऱ्हाडीला धार लावत बसलेले.

"काका, सही तुमची आहे. लोक काय म्हणतील? बिल्डर हसतील आपल्याला."

"झाड सांगतंय आतून गेलोय म्हणून. ऐक तर."

मी कान लावला. मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "हिरवं आहे की!"

"पत्रकाला कान असतात का गो?"

मी भांडले. रडलेसुद्धा. आंदोलन मोडेल म्हणाले. शेवटी त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली. "बरं. तुझ्या शब्दाखातर." मी ओलं फडकं घेऊन सातही फुल्या स्वतःच्या हातानं पुसल्या. मोनिकाकाकी ओट्यावरून बघत होती.

महिन्यापूर्वी त्यातला बावखलाकडचा माड पडला. वारा नव्हता. काका वाकून गाळ काढत होते.

मिस्सेनंतर काकीनं मला पडवीत नेलं. खुंटीला चुन्याचा डबा, नारळाच्या सोडणाचा ब्रश, त्याखाली कोयता. मला वाटलं, आता ती बोलेल. मारेल तरी. तिनं डबा काढून माझ्या हातात दिला. "सहा राहिल्यात. कुठल्या ते तुला ठाऊक."

"काकी, मला आवाज ओळखता येत नाही..."

"मग ठोकत राहा. येईपर्यंत."

मी कोयत्याच्या पाठीनं आधी विहिरीजवळचा चांगला माड ठोकला. मग पुसलेल्या फुलीचा. पुन्हा चांगला, पुन्हा तो. काकी कुऱ्हाड घेऊन माझ्या मागे उभी होती. कितव्या फेरीला ते ठाऊक नाही, पण खोडातून एक बसकं, रिकामं उत्तर आलं... इतकं स्पष्ट की तेव्हा कसं ऐकू आलं नाही, हेच कळेना. मी ब्रश बुडवला. पुसल्याची खूण अजून दिसत होती. तिच्यावरच फुली मारली. टोपी नव्हती. मी खोडावर हात ठेवला, तेवढे दोन शब्द म्हटले, आणि काकीच्या हातातून कुऱ्हाड घेऊन उचलली.