मिरीच्या आधीचं गाऱ्हाणं

अर्धं अंगण सारवून झालं होतं. तुळशीपासून पायरीपर्यंतचा भाग ओला, हिरवट दिसत होता आणि पायरीपासून माडापर्यंतचा अजून कोरडाच होता, तेवढ्यात खाडीतून मशीनच्या होडीचा आवाज आला. जानकीकाकींचा हात बादलीतच थांबला. एरवी आवाजावरून होडी कोणाची ते त्यांना घरात बसून सांगता यायचं. आज त्यांनी मुद्दाम ओळखलं नाही. त्यांचा मुलगा सुदेश रात्रीच्या गाडीने निघणार होता. मालवणला उतरून तोंडवलीला आला, तर त्याला होडी मिळते ती याच वेळेला. त्यामुळे आवाज कोणाचा हे जितकं उशिरा कळेल तितकं बरं.

होडीतून आधी एक रंगीत छत्री उतरली. मग कापडी टोप्या, पाठीवरच्या पिशव्या, गळ्यातल्या दुर्बिणी. सगळ्यांच्या पुढे अक्षया, पायजम्याचे पाय दुमडून चिखलातून येणारी.

"काकी, इलंव गे."

"इलास ता बरा केलास," काकी म्हणाल्या. "पण कडेकडेन चला. अंगण ओला आसा."

मंडळी एकामागून एक, हात पसरून, तारेवरून चालल्यासारखी ओल्या अंगणाच्या कडेने पडवीत आली. काकींनी सगळ्यांच्या मागे एकदा बघून घेतलं. होडीत आता कोणी उरलं नव्हतं.

अक्षया तोंडवलीची. बाहेरगावची नोकरी सोडून ती परत आली आणि तिने हे पायी फिरवायचं काम सुरू केलं. चार दिवस किनाऱ्याने चालायचं, खाडी ओलांडायची, वाटेत लोकांच्या बागा बघायच्या, रात्री गावातल्याच घरी जेवायचं, निजायचं. काकींची बाग तिच्या वाटेवर होती. पाहुण्यांना ती 'मसाल्याचं बेट' असं सांगायची. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा काकी म्हणाल्या होत्या, "बेट कित्याक म्हणतस? जुवो म्हण. बेटार गोष्टीतले राक्षस ऱ्हवतत." आमच्याकडे खाडीतल्या बेटाला जुवाच म्हणतात.

राक्षस सोडा, त्या जुव्यावर आता माणूसही राहत नाही असंच म्हणायचं. घरं आहेत ओळीने, पण ती गणपतीला उघडतात आणि गौरी गेल्या की मिटतात. बारा महिने चूल पेटते ती एका जानकीकाकींची. भाई, म्हणजे त्यांचे यजमान, मालवणला कचेरीत होते. सुट्टीच्या दिवशी ते जुव्यावर येत आणि प्रत्येक वेळी पिशवीतून एखादं रोप आणत. पोफळीवर मिरी चढवली ती त्यांनी, जायफळ लावलं ते त्यांनी. दालचिनी, सर्वसुगंधी, तिरफळ, सगळी त्यांच्या हातची. भाई गेले आणि झाडं राहिली. झाडांना काय, त्यांना कळतं थोडंच.

आता राखण्याचं सांगायला हवं. बागेच्या खाडीकडच्या कोपऱ्यात काजऱ्याच्या झाडाखाली एक दगड आहे, तो जुव्याचा राखणदार. मिरीचा पहिला घोस तोडायच्या आधी त्याला नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी सरळ बोलणं. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी वाक्यामागे 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मागून होकार आला नाही तर ते गाऱ्हाणं नव्हे, नुसती बडबड. आणि होकार पडला की तो शब्द देवाकडे गेला. मग तो मागे घेता येत नाही.

भाई होते तोवर ते सांगायचे. त्यांच्यामागे शेजारचा गंगाराम सांगायला लागला, आणि काकी होकार द्यायच्या. यंदा पावसाळ्यात गंगाराम गुडघ्यांना कंटाळून इन्सुलीला मुलीकडे गेला. जाताना त्याने दाराच्या कुलपाला प्लास्टिकची पिशवी बांधली, गंजू नये म्हणून. ती पिशवी बघितली आणि काकींना कळलं की हा काही लवकर येत नाही.

इकडे मिरी थांबेना. घोसात एखाददुसरा दाणा लाल झाला की मिरी काढायची वेळ झाली. आता घोसच्या घोस लाल होत होते. पाखरं खात होती, उरलेले दाणे गळत होते. काकी रोज सकाळी खाली पडलेलं वेचायच्या, पण वेलाला हात लावत नव्हत्या. सुदेश म्हणाला होता, "ह्या आयतवारी येतंय, मीच घालतंय गाऱ्हाणा." म्हणून तर रविवारी पहाटे उठून अंगण सारवायला घेतलं होतं. देवाचं काम आणि मुलगा घरी यायचा, दोन्हीला एकच सारवण.

काकींनी हात धुतले आणि दालचिनीची पानं घालून चहा टाकला. अक्षया मंडळींना जायफळाचं झाड दाखवत होती. पिकून उकललेल्या फळातली लाल जायपत्री बघून एक बाई दुसरीला म्हणाली, "अगं, ही अशी असते?" मग सगळ्यांनी तिचे फोटो काढले.

तेवढ्यात फणसावर फोन वाजला. फोन फणसाला टांगलेल्या पिशवीत असायचा, कारण रेंज यायची ती तेवढ्या झाडाखालीच. काकी ओलं अंगण विसरून त्याच्यावरूनच गेल्या. मागे पावलं उमटली.

"आये, मी निघूक नाय गो."

"हां."

"काल रात्री सायबाचो फोन इलो. उद्या पाटे माल उतरवचो आसा, माका ऱ्हवाकच व्हया. रागावलंस?"

"नाय."

"कोणाकडसून तरी घालून घे मा. नायतर मी व्हिडीओवर सांगतंय. तू फोन राखण्याच्या फुडे धर."

"राखण्याकडे रेंज नाय, बाबा. ती फणसाकडेच आसा."

सुदेश हसला. त्या पण हसल्या. दोघं हसली म्हणजे भांडण झालं नाही असं ठरलं.

"जेवलंस?" त्याने विचारलं.

"जेवतलंय. तू येळेर जेव."

फोन पिशवीत ठेवून काकींनी मुंग्या शिरू नयेत म्हणून पिशवीचं तोंड नीट बांधलं. एवढा वेळ लागण्यासारखी ती गाठ नव्हती.

अक्षयाला काय ते समजलं होतं. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "काकी, आमी म्हणतंव काय मगे? मी आसंय, ही एवढी माणसां आसत. होकाराक कमी नाय. गेल्या म्हयन्यात आरोंद्याक एका बागेत मी असाच थोडासा दाखवलंय. लोकांका खूप आवाडला."

"दाखवलंस म्हणजे?"

"म्हणजे, गाऱ्हाणा कसा घालतत ता. खराखुरा नाय, दाखवूक."

"आणि देवाकडे मागितलंस काय?"

"काय नाय. दाखवूक काय मागूचा?"

"देवाक हाक मारलंस आणि काय सांगूकच नाय," काकी म्हणाल्या. "बिचारो अजून थंय उभो असतलो, आता सांगतली, मगे सांगतली म्हणान."

अक्षया आधी हसली. मग तिचं हसू जरा कमी झालं. "तसा नाय गे काकी," ती म्हणाली. मंडळींना घेऊन ती जुव्याच्या दुसऱ्या टोकाकडे निघाली. तिकडे बांधावरून चालत जाऊन कांदळवनातले पक्षी बघायचे होते.

एक बाई मात्र पडवीतच राहिल्या. शर्मिष्ठाबाई त्यांचं नाव, नाशिकच्या. गुडघ्याला पट्टा होता. "मी इथेच बसते. तुम्हाला अडचण नाही ना?"

"अडचण कसली? बसा."

माडावरून एक झावळी पडली, तिचा आवाज मोठा झाला. शर्मिष्ठाबाई दचकल्या, काकी नाहीत.

"एकट्याच राहता?"

"मांजर आहे," काकी म्हणाल्या. परक्या माणसापुढे त्यांची भाषा आपोआप कचेरीतली व्हायची. "पण ते पण रात्रीचं गंगारामच्या पडवीत जातं. त्याला वाटतं तो आतच आहे."

शर्मिष्ठाबाईंनी मान हलवली. "मी पहिल्यांदाच अशी एकटी निघाले. आधी दोघं जायचो." एवढं बोलून त्या कपातलं दालचिनीचं पान बोटाने बाजूला करत राहिल्या. असलं पुढचं विचारायचं नसतं, हे काकींना ठाऊक होतं.

ऊन पायरीवर आलं. नारळ ठेवायचा तो बारा वाजायच्या आत. काकींनी एकदा ताटाकडे बघितलं. नारळ, पानाचा विडा, भाई ठेवायचे तशी एक विडी, उदबत्ती, सगळं पहाटेपासून मांडून ठेवलेलं. पुढचा रविवार आठवड्याने, आणि तोवर वेलावर राहील काय? बायकांनी गाऱ्हाणं घातलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. घालू नये असंही कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच कधी आली नव्हती.

"तुम्ही माझ्याबरोबर येता जरा?" त्यांनी विचारलं. "बागेच्या कोपऱ्यापर्यंतच. मी बोलेन, तुम्ही मागून होय महाराजा म्हणायचं."

"मला तुमच्या रीती माहीत नाहीत हो."

"माहीत काय व्हायचंय त्यात? मी थांबले की म्हणायचं. पण दाखवायला नाही हां. खरंच म्हणायचं."

शर्मिष्ठाबाईंनी काकींच्या तोंडाकडे बघितलं, चपला काढल्या आणि काठी टेकत मागोमाग निघाल्या.

काजऱ्याखाली सावली होती. काकींनी दगडावर पाणी घातलं, फूल वाहिलं, नारळ ठेवला, विडा ठेवला, विडी ठेवली. उदबत्ती दुसऱ्या काडीला पेटली. पदर खांद्यावरून घेऊन त्या उभ्या राहिल्या. गंगारामचे शब्द कानात होते, पण तोंडातून येताना आवाज स्वतःचाच आला, बारीक.

"बा राखण्या म्हाराजा, ह्या जुव्याची माती, ह्या जुव्याचा पाणी तुज्या राखणीत आसा."

"होय महाराजा."

"वरसाप्रमाणे नारळ तुज्या पायाकडे ठेवलो आसा, तो मान्य करून घे."

"होय महाराजा."

"गंगाराम इन्सुलीक गेलो. तेचे पाय दुखतत. थंय तेका सांभाळ."

"होय महाराजा."

पुढे घरच्या माणसाचं नाव घ्यायचं असतं. हे तुझं लेकरू हात जोडून उभं आहे, असं म्हणून. काकी तिथे अडल्या. भाईंचं नाव घेता येत नव्हतं आणि सुदेश तर उभा नव्हता. देवापुढे नसलेलं माणूस उभं कसं करायचं?

"झील येवक नाय," त्या म्हणाल्या. "कामाचो माणूस तो. तेचो राग धरू नको."

"होय महाराजा."

आता मुख्य मागायचं होतं. ते वाक्य त्यांनी भाई गेल्यापासून मनात घोळवून ठेवलं होतं. बागेला माझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून माझ्या मुलाला घरी परत आण. गंगारामच्या तोंडी ते कधी घालता आलं नाही, लाज वाटायची. आज स्वतःचंच तोंड होतं.

"आता ह्या बागेक माज्याशिवाय दुसरा कोण नाय..." आणि त्यांचा श्वास तुटला. दम घ्यायला त्या क्षणभर थांबल्या.

"होय महाराजा," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. अगदी मनापासून, हात जोडून, डोळे मिटून.

काकींनी दगडाकडे बघितलं. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. पुढचं अर्धं वाक्य जिभेवर तसंच होतं. ते म्हणता आलं असतं, पण म्हणून काय झालं असतं? अर्ध्यालाच होकार पडला होता, आणि ज्या बाईने तो दिला तिने खोटं काहीच म्हटलं नव्हतं. झावळी पडते, मांजर कुलपाकडे जातं, फोन फणसाला लटकतो. सगळं खरंच होतं.

त्यांनी ते अर्धं वाक्य गिळलं.

"तर म्हाराजा, शिडी धरूक माज्या हातात बळ दी. आणि डोळे चालते ठेव."

"होय महाराजा."

नारळ एका घावात फुटला. काकींनी जवळच्या वेलावरचा हाताला लागेल तो घोस तोडून दगडापुढे ठेवला. यंदाची पहिली मिरी.

परत येताना शर्मिष्ठाबाईंनी विचारलं, "माझं कुठे चुकलं का?"

"नाही. बरोबर पडलं."

अक्षया मंडळींना घेऊन आली तेव्हा काकींनी सगळ्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. अक्षयाने तुकडा घेतला, काजऱ्याकडे बघितलं. तोंडात टाकताना ती हळूच म्हणाली, "आरोंद्याक परत जातलंय तेव्हा एक नारळ नेतंय."

"ने. आणि सांग तेका, जा आता म्हणान."

निघताना काकींनी शर्मिष्ठाबाईंच्या हातात जायपत्रीसकट एक जायफळ दिलं. "सावलीत वाळवा." शर्मिष्ठाबाई काहीतरी बोलणार होत्या, पण होडीवाल्याने हाक मारली. भरती उतरत होती, थांबून चालणार नव्हतं. छत्री, टोप्या, दुर्बिणी होडीत चढल्या. मशीनचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग खाडीचाच आवाज उरला.

अंगणात सारवलेल्या अर्ध्या भागावर काकींची फणसाकडे गेलेली पावलं वाळून घट्ट बसली होती. बादलीतलं शेण सुकलं होतं. त्यांनी त्यात पाणी घालून कालवलं, पावलांवरून हात फिरवला आणि मग पायरीपासून माडापर्यंतचं राहिलेलं सारवून काढलं. तुळशीपुढे दिवा लावला, हात जोडले. वेगळं काही मागितलं नाही, सकाळीच मागून झालं होतं.

सकाळच्या होडीने तोंडवलीला जाऊन मिरी काढायला गडी सांगून यायचं होतं.